तीस की चाळीस

"घाईत जो विज्ञान सोडतो, तो वाटेत गाडी सोडतो!" बंगळूरच्या मल्लेश्वरमातल्या आपल्या अंगणात उमाकांत चिकोडीकरांनी जाहीर केलं. त्या वेळी त्यांच्या हातात बायकोचं रॉकेलचं नरसाळं होतं.

१९६२ चा मे. सकाळीच बेळगावहून तार आली होती: वडील अत्यवस्थ, तुझी वाट पाहतात, ताबडतोब नीघ. तीनशे मैल उन्हातून गाडी हाणायची, तर इंजिनात तीस नंबरचं पातळ तेल घालावं की चाळीसचं जाड? सरकारी कारखान्यातला इंजिनियर हे असंच कसं ठरवणार?

"अण्णा, चाळीस घाला आणि सुटा की," मेकॅनिक बसवंत म्हणाला. "जोरात हाणली की पातळ तेल टिकत नाही."

"पुरावा?"

बसवंतकडे पुरावा नव्हता, नुसती वीस वर्षांची दुरुस्ती होती. मग चिकोडीकरांनी दोन्ही तेलं स्टोव्हवर तापवली, नरसाळ्यातून ओतली आणि घड्याळ लावून मोजली. आकडे जुळेनात, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजली. तिसऱ्या दिवशी दुपारी सिद्ध झालं: चाळीसच.

बसवंत चाळीसचा डबा उघडतोय तोच दुसरी तार आली. वडील गेले. अंत्यविधी काल उरकला. सावकाश ये.

चिकोडीकर पायरीवर बसले. त्यांनी तार पुन्हा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली.

"बसवंत," शेवटी ते म्हणाले, "तीसच घाल. आता जोरात जायचं नाही."

त्यांची बायको विद्या डोळे पुसत दारात आली.

"नरसाळं तेवढं द्या," ती म्हणाली. "स्टोव्हमधलं रॉकेल संपलंय."