खांबावर हात

सोळा वर्षांपूर्वी वीबकेने एक फोन केला होता आणि त्या फोनची शिक्षा ती अजून भोगत होती.

तेव्हा आल्टेनवांग गावाची नगराध्यक्ष होऊन तिला जेमतेम सहा महिने झाले होते. उत्तरेकडच्या समुद्राकाठची मुलगी, लग्न करून इथे आलेली, इथल्या रीती तिला कुठे ठाऊक! दर वर्षी एक मे रोजी, वसंताच्या सणाला, चौकात उभारायचा उंच निळा-पांढरा खांब शेजारच्या श्टाइनरीड गावच्या लोकांनी पळवला. पळवतातच. मग चोरांना बिअर पाजायची, पोटभर जेवू घालायचं आणि वाजतगाजत खांब परत आणायचा, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची मौज. या बाईने काय करावं? पोलिसांना फोन लावला! पोलीससुद्धा पोट धरून हसले. श्टाइनरीडवाले मात्र हसले नाहीत. खांब आणून टाकला आणि त्या दिवसापासून बोलणंच सोडलं. पुन्हा चोरायलाही आले नाहीत. याहून मोठा अपमान नाही हो!

बाकी बाईने गावासाठी काय नाही केलं? डॉक्टर आणला, बंद पडलेली बेकरी सुरू करवली, नव्वदी गाठलेल्या प्रत्येक म्हातारीकडे फुलं घेऊन गेली आणि केक खाऊन खाऊन स्वतः जाड झाली. गावाने तिला तीनदा निवडून दिलं. पण यंदा गावचा पोहण्याचा तलाव बंद व्हायला निघाला होता. दोन गावं मिळून चालवणार असाल तर मदत देऊ, नाहीतर उन्हाळ्याआधी कुलूप, असं जिल्ह्याने कळवलं होतं. पोरांना पोहायला शिकवायला दुसरी जागा नाही. श्टाइनरीडचा नगराध्यक्ष कोर्बिनियन, त्याला तिने तीन पत्रं लिहिली. उत्तर एकाचंही नाही.

एप्रिलचा शेवटचा रविवार. सगळं गाव चर्चमध्ये होतं. गाव कॅथलिक, बाई प्रोटेस्टंट, म्हणून त्या तासाला मोकळी अशी ती एकटीच. अग्निशमन दलाच्या आवारात ठेवलेल्या खांबाची राखण त्यामुळे तिच्याकडे. कॉफी घेऊन ती तिथल्याच खिडकीशी बसली होती.

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. मागून वीसेक माणसं, बूट हातात, पायांत नुसते मोजे. ट्रॅक्टर गाव दणाणून सोडतोय आणि हे शहाणे चवड्यांवर चालतायत! सर्वांत पुढे कोर्बिनियन, पोट सावरत.

वीबके ताडकन उठली. नियम सोपा होता. राखणदाराने खांबावर हात ठेवून "हा इथेच राहणार" म्हटलं की चोरांनी निमूट परत फिरायचं. ती दारापर्यंत गेलीसुद्धा. कडीला हात लावला आणि थबकली. आले की हे! सोळा वर्षांनी आले! आता हात ठेवला तर हे घरी जातील, अबोला तसाच राहील आणि तलावाला कुलूप लागेल. नाही ठेवला तर गाव म्हणेल, परकी ती परकीच, राखणीवर झोपली. तिने कडी सोडली, परत येऊन बसली आणि गार कॉफी संपवली.

चर्च सुटल्यावर गावाने तिचा यथेच्छ उद्धार केला. खानावळवाली त्सेंटा तर कमरेवर हात ठेवूनच उभी राहिली. "अगं बाई, तीस मीटरचा खांब तो! डोळ्यांदेखत गेला? डोळा लागला होता काय तुझा?"

"चुकलं माझं," वीबके म्हणाली. "भट्टी पेटव, डुक्कर भाजायला घे. पाहुणे जेवायला येतील."

"आणि पोलिसांना नाही का बोलवायचं?" मागून कुणीतरी टोमणा हाणला. सगळे खो खो हसले. हसली तीही, पण तिचे कान लाल झाले होते.

संध्याकाळी खानावळीत दोन्ही गावं समोरासमोर बसली. कोर्बिनियनने मिशीवरचा फेस पुसला.

"बिअरची दोन पिंपं. सगळ्यांना जेवण. आणि आमच्या पोरांना दर उन्हाळ्यात तुमच्या तलावात पोहायला मिळालं पाहिजे."

"अहो, तलावच बंद होतोय! तीन पत्रं लिहिली की तुम्हाला!"

"पत्रांनी कुठे रुसवा निघतो का बाई? तलावात अर्धा वाटा घ्यायचा ठराव गेल्याच आठवड्यात झालाय आमचा. पण आमचे म्हातारे अडून बसले. म्हणाले, आधी खांब पळवा. बाईने पुन्हा पोलीस बोलावले तर ठराव फाडून टाका."

कोर्बिनियन पुढे झुकला आणि हळूच म्हणाला, "खिडकीत दिसत होतात तुम्ही. कपासकट."

शेजारीच वाढत असलेल्या त्सेंटाच्या हातातलं ताट तिथेच थांबलं. तिने वीबकेकडे पाहिलं आणि मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा तिच्या पुढ्यात वाढला.

एक मे रोजी दोन्ही गावांनी मिळून खांब उभा केला. दोर बांधून झाल्यावर कोर्बिनियन सगळ्यांदेखत ओरडला, "हं बाई, आता ठेवा हात!"

वीबके पुढे झाली. तिने दोन्ही हात खांबावर ठेवले. "हा इथेच राहणार," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"आणि तूही," त्सेंटा म्हणाली.