चाक तापतंय

"अठ्ठ्याऐंशी," मी म्हणाले.

"कुठलं?"

"डावंच."

नणंदेनं गाडी कडेला घेतली. एरवी ती शाळेची बस चालवते, त्यामुळे थांबतानाही मागे चाळीस मुलं बसल्यासारखी थांबते. आज मागे ट्रेलर होता आणि ट्रेलरवर क्लबची बचावबोट. एक वाजता तळ्यावर पोहण्याची निवड चाचणी होती. बोट पाण्यात असल्याशिवाय पंच शिट्टी वाजवणार नव्हते, आणि दोनला ते दुसऱ्या गावच्या चाचणीला निघणार होते. माझी भाची, म्हणजे हिची मुलगी, पुढच्या वर्षी वयात बसत नाही. दोन वर्षं पहाटे साडेचारला उठली होती पोरगी. जे काय व्हायचं ते आजच.

मागच्या खेपेला याच ट्रेलरचं बेअरिंग जळून चाक निखळायचं राहिलं होतं, म्हणून क्लबनं दोन तापमापकं आणली. चाकाच्या मधोमध जो हब असतो त्याच्यावर चिकटवायची, आकडा फोनवर दिसतो. सकाळी ती मी चिकटवली आणि फोनमध्ये डावं, उजवं असं लिहूनही टाकलं.

नणंदेनं डाव्या हबला उलटा हात लावला.

"कोमट आहे."

"यंत्र अठ्ठ्याऐंशी म्हणतंय."

"यंत्राला काय जातंय म्हणायला." तरी तिनं ग्रीसची पिचकारी काढली आणि होतं नव्हतं तेवढं ग्रीस डाव्या चाकात भरलं. उजवं एक्केचाळीसवर निवांत होतं. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

पुन्हा निघालो. ब्याण्णव. पंच्याण्णव.

"वहिनी, तुझं यंत्र बिघडलंय. बंद कर ते."

मी बंद केलं नाही. शंभर झाले. एकशे चार झाले. पुढे फुटक्या नळाचं पाणी डाव्या कडेला साचलं होतं. डावं चाक त्यातून फस्सकन गेलं. मी फोनकडे बघत होते. डाव्याचा आकडा जागचा हलला नाही. उजव्याचा एक्केचाळीसवरून पस्तिसावर आला.

मी फोनवरची नावं पुन्हा वाचली. डावं, उजवं.

मी सोफ्यांची कव्हरं शिवते. बावीस वर्षं कापडाच्या उलट बाजूनं खुणा करतेय. डावीकडे दिसतं ते उजवं लिहायचं, सुलटं केलं की जागेवर येतं. सकाळी मी ट्रेलरच्या मागे उभी होते, जे दिसत होतं तेच लिहायचं होतं, आणि हातानं आपली सवय पाळली.

"थांब," मी म्हणाले. "तापलंय ते उजवं आहे. मी उलटं लिहिलं."

तिनं गाडी थांबवली. उतरली, बाटलीतलं पाणी उजव्या हबवर शिंपडलं. चर्र झालं आणि थेंब उडून गेले.

"ग्रीस?" मी विचारलं.

"ते तू डाव्याला पाजलंस," ती म्हणाली. "म्हणजे मी पाजलं. तुझ्या सांगण्यावरून."

बारा वीस. नऊ किलोमीटर. आम्ही बोटीतले इंधनाचे कॅन, नांगर, दोरखंड, सगळं गाडीत कोंबलं, तेवढंच चाकावरचं वजन हलकं. मग पंचविसाच्या वेगानं निघालो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. ती समोर बघत होती, मी फोनकडे.

"एकशे सात."

"हं."

"एकशे दहा."

थांबलो. पाच मिनिटं गेली. पंच्याण्णववर आलं तशी ती निघाली.

"तुझ्या भावाला सांगू नकोस," मी म्हणाले.

"सांगणार. जेवायला बसल्यावर."

आता चाकातून कुरकुर ऐकू यायला लागली होती. तिनं काच खाली केली, ऐकलं, परत वर केली. आणखी एकदा थांबलो. माझा आवाज इतका बारीक झाला होता, की ती दोनदा "काय?" म्हणाली.

तळं दिसलं तेव्हा एकला चार मिनिटं कमी होती. काठावर पोहणाऱ्यांच्या पिवळ्या टोप्या रांगेत उभ्या. पंच मनगटावरचं घड्याळ बघत फेऱ्या मारत होते. आकडा एकशे दोन.

"गार होऊ दे," उतारावरचा क्लबचा नावाडी ओरडला. "तापलेला हब पाण्यात घातलास तर आत पाणी ओढेल. बेअरिंग संपलंच समज."

"किती वेळ लागेल?"

"तासभर तरी."

नणंदेनं आरशात पाहिलं. मग रिव्हर्स टाकला आणि ट्रेलर सरळ पाण्यात नेला. चाकाशी फुसकारा झाला, वाफेचा एक पट्टा वर आला. बोट उचलली गेली, तरंगली.

"क्लबला काय सांगायचं?" मी विचारलं.

"सांगू की. बेअरिंग गेलं म्हणून."

नावाडी कॅन घेऊन बोटीत चढला. शिट्टी वाजली आणि सगळ्या टोप्या एकदम पाण्यात गेल्या. आमची कोणती ते मला काही ओळखू येईना. तिची आई गुडघाभर पाण्यात उभी राहून एका जागी टक लावून बघत होती, आणि ओठांतल्या ओठांत पोरीनं मारलेला एकेक हात मोजत होती.