उन्हातली वाटी

अकरा वाजत आले तरी तळं हिरवंच होतं, आणि काठावर जमलेल्या तीनेकशे माणसांच्या माना अवघडल्या होत्या. कुणी दुसऱ्याच्या खांद्यावरून बघत होतं, कुणी कुंपणाच्या खांबावर चढलं होतं. तेवढ्यात मधोमध एक तांबूस डाग दिसला. मग दुसरा. मग विटांची पूड उधळावी तसा रंग पसरत गेला आणि बघता बघता अख्खं तळं लाल झालं.

"आलं," एक आजोबा म्हणाले. पाहुणे आल्यासारखं.

घडीच्या खुर्चीवर ध्यानस्थ बसलेल्या नितळबाबांनी हळूच डोळे उघडले. खरं तर ते मघापासून किलकिलेच होते, पण हे एकट्या चुळबुळला दिसलं.

चुळबुळ ही पंपघर सांभाळणाऱ्या बाईंची मुलगी, दहावीतली. हजेरीत तिचं नाव वेगळं होतं, पण ते कुणी वापरत नसे. वर्गाच्या फोटोत हलल्यामुळे जिला दोन डोकी आली होती, तिला दुसरं काय म्हणणार?

"मंडळी, मी कोण?" बाबांनी माईक जवळ ओढला. "मी पाण्याचा पोस्टमन. पत्र पाण्याचं, पत्ता तुमचा."

"आणि तिकीट कुणाचं?" इस्त्रीवाल्या काकू पुटपुटल्या.

"सकाळी तळं हिरवं, म्हणजे शांत. दुपारी लाल, म्हणजे संतापलेलं. का संतापलं? पंधरा दिवसांपूर्वी मासे मेले. कुणीतरी पाण्याचा घात केलाय. पण पाणी पोटात काही ठेवत नाही, मंडळी. ते नाव सांगणार."

नाव कसं सांगणार, ते सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्याच आठवड्यात दूधवाल्याचा न्याय झाला होता. सकाळी तळ्याचं हिरवं पाणी काचेच्या वाट्यांत भरून झाकून ठेवायचं. भल्या माणसांनी आपापली वाटी घेऊन ताडपत्रीखाली बसायचं. ज्याच्यावर संशय, त्यानं उघड्यावर उभं राहायचं आणि त्याची वाटी समोरच्या स्टुलावर. अर्ध्या तासात दूधवाल्याची वाटी लाल झाली, बाकीच्या हिरव्या राहिल्या. दुधात पाणी घालतो हे सिद्ध झालं. तेव्हापासून त्याच्या सायकलची घंटा वाजली की लोक दारं लावून घेत.

पाणी समितीचे अध्यक्ष उठले. "येत्या गुरुवारी पंपघरावरच्या बाईंची वाटी," त्यांनी जाहीर केलं. "लाल झाली तर किल्ल्या इथंच ठेवायच्या. खोलीसुद्धा सोडायची. तिथं पुढं बाबांची जलसाधना होईल."

चुळबुळ आईकडे बघत राहिली. आई तळ्याकडे बघत होती.

पंपघराला लागून त्यांची एकच खोली होती. दोन खिडक्या, एक पत्र्याचं कपाट, आणि खिळ्याला टांगलेली पाण्याच्या पातळीची वही. त्या दुपारी आई पाना पुसत बसली होती. तोच पाना, तिसऱ्यांदा.

"आई, तू खरं मानतेस हे?"

"झडप मीच बंद केली ना गं. दीड महिना पाणी अडलंय ते माझ्या हातानं."

"अध्यक्षकाकांनी सांगितलं म्हणून. पाणी कमी आहे, बाहेर सोडू नका म्हणाले."

"त्यांच्या सांगण्यानं मासे परत येतात का?" आईनं पाना खाली ठेवला. "आणि दूधवाल्याला मी दहा वर्षं ओळखत होते. भला माणूस वाटायचा. पण वाटी माझ्या डोळ्यांदेखत लाल झाली. मग मी काय समजू?"

  चुळबुळ खोलीत चार फेऱ्या मारून आली, एक खिडकी उघडली, तीच बंद केली. घर जाणार होतं, पण त्याहून वाईट म्हणजे आई स्वतःलाच दोषी धरून बसली होती.

सोमवारी मधल्या सुट्टीत ती तळ्यावर धावली, लालभडक पाण्यानं बाटली भरली, दप्तरात कोंबली आणि थेट विज्ञानाच्या बाईंसमोर उभी राहिली. बाटली काढली तर पाणी हिरवं.

ती बघतच राहिली. बाटली गणिताच्या वहीला चिकटून बसली होती. त्या सहवासात कुणाचा राग शांत होईल, हे तिला पटेना.

"बाई, लाल भरलं होतं. शपथ."

"कुठे होतं इतका वेळ?" बाईंनी विचारलं. त्यांची ही खोडच होती. उत्तर मागायला जावं तर प्रश्न हातात द्यायच्या.

"दप्तरात."

"दप्तरात काय असतं?"

"वह्या, डबा, कंपास, मोडक्या पेन्सिली."

"आणि काय नसतं?"

चुळबुळ चक्क थांबली. "ऊन," ती म्हणाली.

बाईंनी बाटली खिडकीत ठेवली. पुढचा तास संपेपर्यंत पाणी पुन्हा लाल. मग सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब गेला आणि चुळबुळनं डोळा लावला. भोपळ्याच्या बियांसारखे लांबुडके जीव वळवळत होते, शेकड्यांनी, आणि प्रत्येकाच्या पोटात लाल कण.

"हे शेवाळाच्या जातीचे," बाई म्हणाल्या. "सावलीत ते लाल कण पोटाच्या मध्याशी गोळा होतात, मग जीव हिरवा दिसतो. ऊन कडक झालं की कण अंगभर पसरतात."

"म्हणजे छत्री उघडतात."

"आणि सावली आली की मिटतात. बाबांचा संताप तो एवढाच."

चुळबुळला नाचावंसं वाटलं, पण एक काटा रुतलेला होता. "बाई, मग आईच्या झडपेचा काही संबंध नाही ना?"

बाईंनी खोटी समजूत घातली नाही. "आहे. यांना उथळ, अडलेलं, तापलेलं पाणी लागतं. यंदा उन्हाळाही लांबला. पण एवढी फौज पोसायची तर खाणं हवं. तळ्याच्या वरच्या उतारावर काय आहे?"

काय आहे ते शेंबडं पोरही सांगेल. अध्यक्षांच्या कोंबड्यांच्या शेड, आणि शेजारी विष्ठेचा माणसाएवढा ढीग. रोज शेड धुतल्या जात आणि ते पाणी सरळ तळ्यात.

"आणि आमच्या गल्लीतल्या मोऱ्यांचं साबणाचं पाणी," चुळबुळ हळूच म्हणाली. "तेही तिथंच जातं."

"तेही खाणंच. गर्दी वाढली, मेली, कुजली की पाण्यातला प्राणवायू संपतो. शिवाय यातले काही माशांना विषारी असतात. त्या पाण्यात हात घातलास तो साबणानं धू आधी."

मंगळवारी दिवसभर आभाळ भरलेलं होतं. तळं हिरवंच राहिलं. बाबांनी खुर्ची मिटली आणि सांगितलं, "आज पाण्याचं मौन आहे." चुळबुळ मोठ्यानं हसली आणि चारपाच जणांनी तिला डोळे दाखवले. पण त्या क्षणी तिला कळून चुकलं की बाबांना सगळं माहीत आहे. ढग बघून मौन पाळणारा माणूस भोळा नसतो.

बुधवारी तिनं चहाच्या ट्रेत तळ्याचं पाणी ओतलं आणि त्यावर ठेवायला बुटांच्या खोक्याचं झाकण कापायला घेतलं. पहिला प्रयत्न फसला, कारण तिनं ट्रे हलवला. दुसराही फसला, कारण तिनं झाकण उचकटून बघितलं. तिसऱ्या वेळी ती स्वतःच्या हातांवर बसून राहिली.

गुरुवारी ऊन असं होतं की पत्रा तडतडत होता. ताडपत्रीखाली पाच वाट्या, पाच भली माणसं, मधोमध अध्यक्ष. उघड्यावर आई, समोर स्टूल, स्टुलावर वाटी. पंपघराच्या कठड्यावर चुळबुळनं चहाचा पांढरा ट्रे ठेवला होता. त्यात सकाळचंच हिरवं पाणी आणि वर पुठ्ठा. विज्ञानाच्या बाई शेजारी उभ्या राहिल्या, म्हणून कुणी हटकलं नाही. एक ढग सूर्याच्या दिशेनं सरकला तेव्हा चुळबुळनं त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की तो बाजूनं निघून गेला.

"पाण्याला घाई नसते," बाबा सांगत होते. "पाणी विचार करतं. पाणी तोलतं."

आईची वाटी आधी तपकिरी झाली, मग लाल. गर्दीतून एक लांब सुस्कारा निघाला. आईनं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि स्टुलावर ठेवला. 

"बाबा," चुळबुळ पुढं आली. आवाज खणखणीत निघाला. "पाणी नाव सांगतं, असं म्हणालात ना?"

"सांगतं बाळ."

"आज लिहूनच दिलंय त्यानं."

बाबा प्रसन्न झाले. "बघा मंडळी. लेकरांना आधी कळतं."

तिनं पुठ्ठा उचलला. हिरव्या पाण्यावर दोन लाल अक्षरं होती. पहिल्याचं पोट जरा पसरलं होतं, पण वाचता येत होतं.

"ऊ... ऊन," इस्त्रीवाल्या काकूंनी वाचलं.

"ऊन कोण?" मागून कुणीतरी विचारलं. "नवीन राहायला आलेत का?"

"पोरीनं रंग टाकला," बाबा माईकवर म्हणाले. आवाजातला मध आटला होता.

चुळबुळनं पुठ्ठा उलटसुलट करून दाखवला. जिथं अक्षरं कापली तिथून ऊन गेलं, तिथं लाल. बाकी सावली, तिथं हिरवं. एवढंच. "मांडवात बसणाऱ्यांना सावली असते. संशय असेल त्याला उन्हात उभं करतात. म्हणजे वाटी भरायच्या आधीच न्याय झालेला असतो."

कुणी काही बोलायच्या आत आई हलली. तिनं आपली लाल वाटी उचलली, मांडवात गेली आणि अध्यक्षांना म्हणाली, "जरा सरका." मागं उभा असलेला दूधवाला पुढं आला. त्यानं अध्यक्षांची हिरवी वाटी दोन्ही हातांनी उचलली आणि उन्हातल्या स्टुलावर नेऊन ठेवली.

बाबा उठू लागले. "बसा हो," काकू म्हणाल्या. "पाण्याला घाई नसते."

तीनशे माणसं दोन वाट्यांकडे बघत उभी राहिली. चुळबुळसुद्धा जागची हलली नाही. पाव तास झाला, वीस मिनिटं झाली. आईच्या मांडीवरची वाटी हिरवी झाली. स्टुलावरची लाल.

"अध्यक्ष, किल्ल्या ठेवा आता," काकूंनी हाक दिली.

"अहो, पण मी काही केलेलं नाही," अध्यक्ष म्हणाले.

"मीही हेच म्हणालो होतो," दूधवाला म्हणाला.

यावर कुणीच हसलं नाही. बरेच जण आपल्या चपलांकडे बघू लागले.

"नाही," चुळबुळ म्हणाली. "वाटीवरून अध्यक्षकाकांचंही काही ठरत नाही. उतारावरचा ढीग डोळ्यांनी दिसतो, त्याला वाटी कशाला?"

"आणि झडप मी अडवली," आई उभी राहिली. "मोऱ्या आपल्या सगळ्यांच्या आहेत. वही माझ्याकडे आहे. बसा, एकेक करून लिहून काढू."

ते लिहीत बसले तेव्हा नितळबाबा निघून गेले. घडीची खुर्ची तेवढी राहिली, तिच्यावर दूधवाला बसला. काकूंनी उद्यापासून एक लिटर सांगितलं, खाली मान घालून.

तळं दुसऱ्या दिवशीही लाल झालं. पुढचे कित्येक दिवस होणार होतं. ढीग हलवायला वेळ लागतो, मोऱ्या वळवायला त्याहून जास्त, आणि उन्हाळ्याला तर कुठलीच समिती सांगू शकत नाही. पण आता लोक काठावर उभे राहून तळ्याला घाबरत नव्हते, उताराकडे बोट दाखवत होते.

तुमच्यापुढंही कधीतरी कुणी वाटी ठेवील. तिच्यात पाणी असेल, राख असेल, नाहीतर नुसतेच शब्द असतील. हात जोडायच्या आधी, आणि कुणासमोर दार लावून घ्यायच्या आधी, एकच करा. ती वाटी जरा सरकवून बघा.