लाइल हॅनिगनची गाडी पबसमोर का असे

दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी सकाळी सव्वादहाला लाइल हॅनिगन आपली मागे उघडा हौदा असलेली पांढरी यूट गाडी पबसमोर लावी. मग इकडेतिकडे बघून बाजूच्या बोळात शिरे, बिअरच्या रिकाम्या पिंपांना वळसा घाली आणि मागच्या दाराने शेजारच्या जिममध्ये जाई. तुलाबिन गावात सकाळीच पबमध्ये बसलेल्या माणसाला लोक फार तर बिचारा म्हणतात. सत्तावन्न वर्षांच्या मेंढपाळाला जिममध्ये पाहून काय म्हणतील, याचा विचारही त्याला करवत नव्हता.

लाइल गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचा अकरा वर्षं कॅप्टन. बंबाच्या चाव्या त्याच्याच पट्ट्याला. यंदा वरून फर्मान आलं, की ज्याला आगीजवळ जायचं आहे त्याने पाठीवर अकरा किलो घेऊन सव्वातीन किलोमीटर अर्ध्या तासात चालून दाखवायचं. सप्टेंबरातल्या शेवटच्या रविवारी, फुटबॉलच्या मैदानावर, सगळ्या गावादेखत. नापास होणाऱ्याने उन्हाळाभर दलाच्या शेडमध्ये बसून सँडविचेस करायची.

आणि गेल्या जानेवारीतली, भर उन्हाळ्यातली ती टेकडी होतीच. आग वर, लाइल अर्ध्या चढावर खाली बसलेला. "गुडघा गेला," तो म्हणाला. पाण्याचा पाइप घेऊन बेव टूमी एकटी वर गेली. बेव दलाची सचिव, एरवी पोस्टात असते. तिच्या मनगटावर अजून त्या दिवसाचा गुलाबी डाग आहे. लाइलचा गुडघा ठणठणीत होता. संपला होता तो दम. गावाने त्याला कुबडी आणून दिली. ती टेकत तो आठवडाभर लंगडला, कधी या पायाने, कधी त्या.

जिम चालवणाऱ्या टान्याने पहिल्या दिवशी ट्रेडमिलचा वेग लावला ताशी तीन किलोमीटर.

"तीन? यापेक्षा माझी म्हातारी मेंढी जोरात चालते."

"तिला घेऊन ये. तिचंही नाव घालते." टान्याने लाल दोरीचा चिमटा त्याच्या शर्टाला लावला. "पडलास तर मशीन थांबेल."

"आणि मी?"

"तू आधीच थांबलेला असशील. हे बघ, चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. तेवढाच वेग."

चौथ्या मिनिटाला लाइलला दोन्ही येत नव्हतं. शेजारच्या पट्ट्यावर खुबा बदललेली एकोणऐंशी वर्षांची डोरीन पाचच्या वेगाने चालत शब्दकोडं सोडवत होती. "नदी, चार अक्षरी," ती म्हणाली. लाइलने फक्त मान हलवली. दोन्ही हातांनी कठडा गच्च धरला होता.

"कठडा सोड, लाइल," टान्या रोज सांगे. "धरून चाललास तर फुकट आहे सगळं."

"सोडतो," तो म्हणे, आणि आणखी घट्ट धरी.

दोन मिनिटं सावकाश, एक मिनिट भरभर, असं करत सहाव्या आठवड्यात तो सहाच्या वेगाने पंचवीस मिनिटांवर आला. कठड्यासकट.

तोवर गावाने गाडी पाहिली होती. घरी बायको मोरीन त्याचे शर्ट हुंगू लागली. "दारू अंगातून निघते तेव्हा असाच घाम येतो म्हणे," ती हलकेच म्हणाली. तिला खरं सांगायचं तर गुडघ्याचंही सांगावं लागलं असतं, आणि त्या गुडघ्याला तिने दोन महिने मलम चोळलं होतं. पबवाल्या क्लाइव्हला कुणी विचारलं तर तो म्हणे, "लाइल? माझ्याकडे पाऊलही टाकत नाही." मग तर खात्रीच पटली. गिऱ्हाइकाला इतकं इमानाने झाकणारा पबवाला दुसरीकडे कुठे मिळतो?

चाचणीआधीच्या बुधवारी दलाची बैठक झाली. चहा झाल्यावर बेव म्हणाली, "शेवटचा विषय. लाइल, बंबाच्या चाव्या दे."

"का?"

"पिणाऱ्याच्या हाती बंब नाही. नियम तूच लिहिलायस. तीन महिने सोड, मग बघू. राग मानू नकोस, माझ्या बाबांचंही असंच झालं होतं."

सगळे त्याच्याकडे इतक्या मायेने बघत होते, की क्षणभर लाइलला दारुडा व्हावंसं वाटलं. रविवारही टळला असता. मग चाव्या पट्ट्यातून काढताना हात अडला.

"मी पीत नाही," तो बुटांकडे बघत म्हणाला. "ट्रेडमिलवर चालतो."

मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, पितोस असं सरळ सांग ना! त्यात लाजायचं काय?"

बेवने चाव्या घेतल्या. "उद्या दाखव."

गुरुवारी सव्वादहाला दलातले आठजण आले. आपण जिममध्ये शिरताना कुणाला दिसू नये म्हणून आठहीजणांनी गाड्या पबसमोर लावल्या. क्लाइव्ह बाहेर आला, ती रांग बघून हरखला आणि रिकाम्या पबात परत गेला.

लाइल चालू लागला. मंडळी सॉसेज रोल खात बघत राहिली. "पोहोचलास की फोन कर रे!" "थांब, एक मेंढी मागे पडली!" लाइलचे कान तापले. दहा मिनिटांत त्यांना कंटाळा आला आणि ती निघून गेली. बेव तेवढी राहिली.

"बोलता येतंय ना?" तिने विचारलं.

"येतंय."

"मग सांग. टेकडीवर गुडघा नव्हता ना?"

पायांखालचा पट्टा सरकत होता आणि लाइल होता तिथेच होता.

"नव्हता," तो म्हणाला. "दम संपला होता. सांगायची लाज वाटली."

बेव मनगट चोळत राहिली. "आठवडाभर सूप करून आणत होते मी तुझ्यासाठी. हात भाजलेला असताना."

लाइलने कठडा आणखी घट्ट धरला. वेग मात्र तोच होता.

"मोरीनला आज तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

"हो."

"चाव्या माझ्याकडे राहतील. रविवारी चालून दाखव, मग मागायला ये. देईनच असं नाही." ती निघाली आणि दारातून परतली. "आणि तो कठडा सोड. मैदानावर कठडा नसतो."

लाइलने आधी डावा हात सोडला, मग उजवा. सहा आठवडे धरलेल्या त्या हातांचं आता काय करायचं, ते त्याला कळेना. डोरीनने शब्दकोड्यातून मान वर केली. बेव तिथेच उभी राहिली, तो पडतो का ते बघायला.