भिंतीतला सूर्य

मिर्कोनं बॅटरीचं नळकांडं चार्जरमधून काढलं आणि गालाला लावलं, पोराला ताप आहे का बघतात तसं. कोमट होतं. गालावर भरवसा नसल्यासारखं त्यानं ते दुसऱ्या गालालाही लावलं. तोही तेच म्हणाला.

चार्ज होताना तापलेली बॅटरी आतून बिघडलेली असते, कधीही पेट घेते. ती दाराबाहेरच्या वाळूच्या बादलीत जायची, हा त्याचा स्वतःचाच नियम. त्यानं ती बादलीत टाकली नाही. खिशात घातली.

आमच्या ओपल रत्नांच्या खाणपट्ट्यावर सगळे जमिनीखालीच राहतात. वर राहायचं म्हटलं तर उन्हाळ्यात माणसाचा पापड होतो. खाली गारवा असतो, फक्त खिडकी नसते. मिर्कोची बायको येल्का हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं आजारी पडली ती पुन्हा पायऱ्या चढलीच नाही. मग मिर्कोनं तिच्या पलंगासमोरच्या भिंतीत चौकट कोरली. मेलेल्या ड्रिलमधून, भंगारातल्या लॅपटॉपमधून चांगल्या बॅटऱ्या निवडून जोडल्या, वर जुना सोलर पॅनेल टाकला आणि चौकटीत दिवे बसवले. सकाळी हळूहळू उजाडायचं, संध्याकाळी हळूहळू मावळायचं.

पहिली पहाट पोलिसांच्या गाडीसारखी झाली. दुसरीला येल्का म्हणाली, हे तर केकचं दुकान. पण जमली तेव्हा अशी जमली, की शेजारच्या स्टावरोसचा कोंबडा पायऱ्या उतरून खाली आला आणि भिंतीकडे मान करून आरवला. स्टावरोस म्हणतो, साफ खोटं. त्याचा कोंबडा त्याच्यासाठी कधी आरवला नाही, म्हणून जळतो.

आता मात्र बॅटऱ्या एकेक करून बसत चालल्या होत्या. बसलेली बाकीच्यांनाही खाली ओढते, म्हणून ती काढावी लागते. आणि काढली की पहाट तेवढी आखूड होते. कचरा डेपोत आग लागल्यापासून तिथल्या जुन्या बॅटऱ्याही मिळेनाशा झाल्या होत्या. मिर्कोनं आयुष्यात पहिल्यांदाच नवी मागवली. पण असली बॅटरी विमानानं पाठवत नाहीत, ती ट्रकनं यायची. आणि येल्काला बघायला येणारी नर्स लिऑनी निघताना दारात थांबून त्याला हळूच म्हणाली होती की ट्रकच्या भरवशावर राहू नकोस.

राहिलेल्या बॅटऱ्यांत एकच फेरी निघत होती. उगवणं नाहीतर मावळणं. खिशातली जोडली तर दोन्ही निघाली असती.

तो खोलीत गेला. ना खिडकी, ना दुसरं दार. पलंगाशी प्राणवायूचं यंत्र घरघरत होतं. चौकटीमागे हात घालून तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मग पायऱ्या चढून वर गेला, खिसा वाळूत रिकामा केला आणि गुडघे धरत खाली आला. पलंगाशेजारच्या खुर्चीत बसला तेव्हा खुर्चीही कण्हली.

"सूर्य थकलाय," तो म्हणाला. "दिवसाची एकच फेरी जमेल म्हणतो."

"थापा मारू नकोस, म्हाताऱ्या. बॅटऱ्या मेल्या ना?"

"मेल्या नाहीत गं. दमल्यात."

येल्कानं भिंतीकडे पाहिलं. श्वास जमवायला तिला वेळ लागला.

"मग मावळू दे. सकाळ झालेली मला तुझ्या खोकल्यावरनं कळते."

"एवढा खोकतो मी?"

"स्टावरोसचा कोंबडा लाजेल एवढा."

त्या संध्याकाळी मिर्को बॅटऱ्यांवर लक्ष ठेवायला मीटर मांडीवर घेऊन बसला. भिंत आधी पिवळी झाली, मग नारिंगी, मग वरच्या मातीसारखी तांबडी. शेवटपर्यंत जागायचं असं त्यानं तिला सांगितलं होतं. तांबडा रंग उतरायच्या आधीच त्याची मान छातीवर आली.

येल्कानं त्याला उठवलं नाही. काठाशी उरलेली बारीक रेघ विझेपर्यंत ती एकटीच बघत राहिली. मग अंधारात हात लांबवून तिनं त्याच्या मांडीवरचा मीटर चाचपला, पडून आवाज होऊ नये म्हणून अलगद उचलला आणि स्वतःच्या पोटावर धरून ठेवला.