बाभळीवर टांगलेली तिवई

मित्रांनो, मला पाय तीन आहेत, पण आजवर मी स्वतःहून एक पाऊलही टाकलेले नाही. मी कॅमेऱ्याची जुनी लाकडी तिवई आहे. शहरी लोक मला ट्रायपॉड म्हणतात. ज्याने मला सर्वांत जास्त मायेने वागवले, तो सुवेलम मात्र मला 'म्हातारे' अशी हाक मारायचा. त्याची आणि माझी गोष्ट मी आज तुम्हाला सांगणार आहे. ती सांगताना माझे सांधे करकरतात, आणि ते केवळ वयामुळे नाही.

माझा जन्म सुएझ शहरातल्या एका सुताराकडे झाला. त्याने माझे पाय रंधा मारून गुळगुळीत केले, त्यांना पितळी खिट्ट्या बसवल्या आणि एका फोटो स्टुडिओत मला पोचवले. तिथे मी खूप लग्ने पाहिली. घाम पुसणारे नवरदेव आणि हसू दाबणाऱ्या नवऱ्या पाहिल्या. मालक पाहुण्यांना सांगायचा, "ही तिवई भूकंपातसुद्धा हलणार नाही." मला त्याचा फार अभिमान वाटे. पण नव्याचे नऊ दिवस. पुढे हलक्या धातूच्या तिवया आल्या आणि माझी रवानगी मागच्या खोलीत, फडक्या-बादल्यांच्या शेजारी झाली.

तिथून मला सुवेलमने बाहेर काढले. तो दक्षिण सिनाईच्या डोंगरांतला बदावी, म्हणजे भटक्या अरब टोळीतला. ओळखपत्रासाठी फोटो काढायला आला होता. दाराच्या फटीतून त्याची नजर माझ्यावर पडली आणि तो फोटोचे विसरूनच गेला. मालकाने तुपाच्या एका बुधल्याच्या बदल्यात मला त्याच्या हवाली केले. उंटावर आडवी बांधलेली मी प्रथमच उघडे आभाळ पाहिले.

सुवेलमचे काम मोठे नवलाचे होते. कैरोहून आणि परमुलखांतून डोंगरांचे फोटो काढणारे पाहुणे येत. त्यांना अशी जागा हवी असे, जिथे दुसरा तंबू नाही, रस्ता नाही, दिवा नाही, आणि पहाटे डोळे उघडले की समोर डोंगर पेटल्यासारखा लाल दिसतो. अशा जागा सुवेलम शोधून काढायचा. पाहुण्यांना नेण्याआधी तो आणि मी जाऊन येत असू. तिथे कॅमेरा नीट उभा राहील का, हे तो मला टेकवून पाहायचा. तो आधी जमिनीवर उताणा झोपून पाहायचा. वारा कोणत्या बाजूने येतो, कोणता कडा अंगावर दगड टाकील, ऊन आधी कुठे उतरते, हे सगळे तो झोपूनच ठरवायचा.

एकदा एका पाहुण्याने कोरड्या ओढ्यात तंबू ठोकायचा हट्ट धरला.

"इथली वाळू किती मऊ आहे बघ," तो म्हणाला.

"पाणीपण मऊच असतं साहेब," सुवेलम म्हणाला. "येईपर्यंत." आणि त्याने झुडपांच्या शेंड्यांत अडकलेला काडीकचरा बोटाने दाखवला. मागचा पूर तिथवर चढला होता. पाहुण्याने मुकाट्याने तंबू उचलला.

एका पाहुण्याने जाताना आपला जुना कॅमेरा सुवेलमला दिला, आणि मग माझे खरे दिवस सुरू झाले. आम्ही दोघे पहाटेच्या गारठ्यात कड्यांवर उभे राहत असू. त्याची बायको फदिया त्याची यथेच्छ चेष्टा करायची.

"नस्राच्या बापा, दगडांचे कसले फोटो काढतोस? ते काय उद्या दुसऱ्या गावाला जाणार आहेत?"

"दगड कुठं जात नाहीत गं," तो चहात हबकचा, म्हणजे रानपुदिन्याचा, पाला चुरडत म्हणायचा. "उजेड जातो."

"मग जेवून तरी जा. उजेडानं पोट भरत नाही." असे म्हणत ती राखेत भाजलेली भाकरी झटकून त्याच्यापुढे ठेवायची. नस्रा ही त्यांची लेक. ती माझ्या पायांच्या मधे बसून आपल्या बाहुलीचा तंबू मांडायची. मित्रांनो, मी सुखात होते. सुखात असताना ते कळत नाही, एवढेच.

सुवेलमच्या मनात एक जागा घर करून होती. लाल डोंगरांची रांग आणि खाली आखाताचे निळे पाणी, दोन्ही एकाच नजरेत येईल अशी सपाटी. त्याच्या आजोबांनी ती लहानपणी पाहिली होती म्हणे, पण वाट कोणालाच आठवत नव्हती. हिवाळ्याच्या शेवटी एक दिवस तो मला खांद्यावर घेऊन पायीच निघाला. एका अरुंद खोऱ्याच्या तोंडाशी जुनी बाभूळ होती. तिथे थांबून त्याने वरच्या कड्याकडे बराच वेळ पाहिले. मग घोंगडी, किटली, पिठाची पिशवी, कॅमेऱ्याची पेटी आणि मी, असे सगळे एकत्र बांधून त्याने फांदीला टांगले. पाण्याची छोटी पखाल तेवढी खांद्यावर ठेवली.

"म्हातारे, तू जड आहेस," तो मला थोपटत म्हणाला. "आधी जागा बघून येतो. मग तुला वर नेतो."

आमच्या मुलखात एक रीत आहे. वाटसरूने आपले सामान झाडाला टांगले की त्याला कोणीही हात लावत नाही. महिना जावो, वर्ष जावो. माणूस भुकेने मेला तरी चालेल, पण दुसऱ्याचे टांगलेले पीठ खाणार नाही. टांगलेले सामान म्हणजे मालकाचा शब्द, की मी परत येणार आहे. या रीतीचा आमच्या लोकांना फार अभिमान आहे. मलाही होता.

त्या दुपारी वरून दगड गडगडल्याचा आवाज आला. मग धूळ उतरली. मग त्याची हाक आली.

तो आपल्या धाकट्या भावाला हाक मारत होता. "ऊदा... ऊदा..." भोवतालचे कडे ती हाक झेलत, एकमेकांकडे फेकत, आणि ती खाली येईपर्यंत कुठून आली ते सांगता येत नसे. संध्याकाळी ती आली, पहाटे आली. मला तीन पाय होते आणि मी दोरीला लोंबकळत होते. वारा आला की मी खोडावर आपटायचे. जितके आपटता येईल तितके आपटायचे. पण लाकडाने लाकडावर केलेला आवाज कोण मनावर घेतो?

दुसऱ्या दिवशी सबहा नावाची म्हातारी शेरडे घेऊन खोऱ्याच्या तोंडाशी आली. तिने हाक ऐकली. ती जागच्या जागी थिजली. अशा निर्जन खोऱ्यात नाव घेऊन हाक मारणारा माणूस नसतो, जिन असतो, आणि त्याला ओ द्यायची नसते, हे तिला तिच्या आईने शिकवले होते. ती अल्लाचे नाव पुटपुटत शेरडे हाकत निघून गेली. मी तिला दोष देत नाही. तो आवाज तोवर माणसासारखा राहिलाच नव्हता.

त्यानंतर ऊदा आला. थंडी वाढली म्हणून फदियाने त्याला जबरदस्तीने धाडले होते. तोवर हाका थांबल्या होत्या, पण वर दगडावर दगड मारल्याची टकटक मला अजून ऐकू येत होती, फार हळू, फार अंतराने. ऊदा गुणगुणत आला. आम्हाला झाडावर पाहून त्याचा चेहरा खुलला.

"घ्या. कॅमेरासुद्धा इथंच," तो स्वतःशीच हसून म्हणाला. "म्हणजे स्वारी जवळपासच भटकतेय. वहिनी उगाच जिवाला घोर लावून घेते." त्याने माझी सुटत आलेली गाठ पुन्हा घट्ट बांधली, किटलीवरची धूळ बाहीने पुसली आणि गुणगुणतच तो परत फिरला.

त्याने एकदा, फक्त एकदा, हाक मारली असती तर. मित्रांनो, मी त्या झाडावर एवढा एकच विचार करत राहिले. त्या रात्रीनंतर टकटक आली नाही.

पुढे वर्ष गेले. सुवेलम परतला नाही, पण तो मेला असेही कोणी म्हणेना, कारण त्याचे सामान झाडावर होते. येणारे-जाणारे लांबूनच मला पाहत आणि म्हणत, "आहे अजून. येईल." पाणवठ्यावर जमलेल्या बायका मात्र वेगळेच कुजबुजत. तो कोण्या परदेशी पाहुणीबरोबर आखातापलीकडे गेला म्हणे. बिनबुडाच्या गोष्टीला पाय मात्र लवकर फुटतात. नस्राला पोरे विचारू लागली, "तुझा बाप नवीन आई कधी आणणार?" फदिया ना सधवा होती ना विधवा. तिला रडायचीसुद्धा परवानगी नव्हती. जिवंत माणसासाठी रडणे अशुभ.

ती दर ऋतूला झाडाखाली येई. सामान न उतरवताच उन्हाने कुजलेली दोरी बदली, माझे पाय पुसून तेल लावी. "कुठं सोडून आलीस गं त्याला?" असे ती मला विचारी. मी काय सांगणार? त्या कड्याकडेच तोंड करून मी टांगलेली असे.

एका सकाळी ती आली तेव्हा सबहाची शेरडे जवळच चरत होती. दोघींनी काटक्या पेटवून चहा केला.

"इथं फार बसू नको पोरी," सबहा म्हणाली. "ही जागा झपाटलेली आहे. मी माझ्या कानांनी ऐकलंय. इथला जिन नाव घेऊन हाक मारतो."

"कुणाचं नाव?"

"तुझ्या दिराचं. ऊदा, ऊदा म्हणून. हे सामान नवंनवं टांगलं होतं ना, तेव्हा."

फदियाने पेला वाळूत ठेवला. 

"सबहा काकू," ती म्हणाली, "जिनाला ऊदाशी काय काम?"

मग तिने जे केले ते आमच्या मुलखात कोणी केले नव्हते. मालक नसताना तिने झाडावरचे सामान उतरवले. सबहाने तोंडावर हात घेतला. फदियाने माझे पाय फाकवून मला वाळूत उभी केली आणि माझ्यासमोर बसली.

"हिला टाकून तो फोटो काढायला जायचा नाही," ती म्हणाली. "तो नुसती जागा बघायला गेला. लगेच येणार होता. म्हणजे तो लांब नाही. तो इथंच होता, काकू. सगळा वेळ इथंच होता."

तिने सबहाबरोबर ऊदाला निरोप धाडला आणि स्वतः हलली नाही. पहाटे तो पोचला तेव्हा ती नवऱ्यासारखीच वाळूवर उताणी पडून वर पाहत होती. सगळा कडा काळोखात असताना कड्याच्या खांद्यावरच्या एका सपाटीवर उजेड उतरला.

"तिथं," ती म्हणाली. "भावजी, तो तिथंच गेला असणार."

ऊदा पुढे चढला, मागोमाग मला खांद्यावर घेऊन फदिया. सपाटीच्या खाली, एका घळीत, मोठ्या दगडाने पाय धरून ठेवलेला सुवेलम त्याला सापडला. जे उरले होते ते. उशाला रिकामी पखाल होती. हाताशी एक गोटा होता आणि बाजूच्या कातळावर टवके उडालेले होते. ऊदाने ते टवके पाहिले, कातळावरून बोटे फिरवली, आणि तो लहान मुलासारखा रडला.

"मी खाली उभा होतो, वहिनी," तो म्हणाला. "मी गाठ बांधली आणि गेलो."

 फदिया मला घेऊन आणखी वर गेली. सपाटीवरचे खडे कोणीतरी एका बाजूला सारून तंबूपुरती जागा साफ केली होती. आणि अगदी कडेला, तीन सपाट दगड हाताने बसवलेले होते. माझ्या तीन पायांसाठी. त्याला जागा सापडली होती. ती तयार करून तो मला न्यायला खाली निघाला होता.

फदियाने मला त्या दगडांवर उभी केली. मी जरासुद्धा डगमगले नाही. समोर लाल डोंगर होते, खाली आखाताचे पाणी होते, आणि माझ्यामागे कोणी नव्हते. तिथे फदिया वर्षभराचे रडली.

आता मी तिच्या दाराशी असते. माझ्या तीन पायांमधे ती दह्याची पखाल टांगते आणि ती हलवून लोणी काढते. फोटो कोणी काढत नाही. वारा त्या खोऱ्यातून आला की पखाल आपोआप हलते आणि माझ्या लाकडात ती टकटक पुन्हा जागी होते. ती थांबेल असे मला वाटत नाही.

आमच्या मुलखात झाडावरच्या सामानाला अजूनही कोणी हात लावत नाही. पण आता कोणी तसेच पुढेही जात नाही. झाडाखाली थांबून हाक मारतात आणि कडे शांत होईपर्यंत कान देऊन उभे राहतात. हे ऊदाने सुरू केले. तो इतरांपेक्षा जास्त वेळ उभा राहतो.

मित्रांनो, तुम्हीही कोणाची वस्तू जपाल. तिची धूळ पुसाल, तिची गाठ घट्ट कराल, आणि आपण त्या माणसाची काळजी घेतली असे समजून घरी जाल. तसे जाऊ नका. आधी त्याच्या नावाने हाक मारा. वर्षभर मला सगळ्यांनी फार छान जपले. मी ती जपलेली वस्तू आहे, म्हणूनच सांगते.