पोटावरचे आकडे

आठ महिन्यांपासून थोरल्याला चहा पाऊण कप मिळत होता. बायकोने कधी कारण सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. शर्टाची बटणं तीच शिवायची, औषधाच्या गोळ्या तीच पाकिटातून काढून द्यायची. दाढीला न्हावी घरी यायचा. थोरला मान वर करून मुकाट बसायचा आणि छताकडे बघत राहायचा.

हाच माणूस एकतीस वर्षं कारखान्यात विजेच्या मोटारी वाइंड करत होता. केसाएवढ्या तारेचे हजार हजार वेढे घालायचा, आणि एक वेढा दुसऱ्यावर चढला तर सगळं उसवून पुन्हा सुरू करायचा. निवृत्त झाल्यावर लोक फिरायला जातात, कुंड्यांना पाणी घालतात. हा गडी अ‍ॅम्प्लिफायर बांधायला बसला. पहिला शंभर वॅटचा झाला. दोन खोल्यांच्या घरात शंभर वॅट म्हणजे शेजाऱ्यांशी भांडणाचं आमंत्रण, पण थोरल्याचं समाधान होईना. मोठा आवाज काढणं सोपं आहे, मोठा आवाज स्वच्छ काढणं अवघड, असं तो बायकोला समजावून सांगायचा आणि ती भाजी निवडत हं हं म्हणायची. मग त्याने तोच अ‍ॅम्प्लिफायर खोलून चारशेचा करायला घेतला. नवा ट्रान्सफॉर्मर जेवणाच्या टेबलावर गुंडाळला. दीड महिना दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवली.

या सगळ्याचा जीव होता आठ ट्रान्झिस्टरांत. धातूचे, जुन्या घडणीचे, खालून दोन पाय असलेले. कारखान्यातली बाद यंत्रं भंगारात निघायची, तेव्हा साहेबांची परवानगी काढून थोरला एकेक काढून आणायचा. अकरा वर्षांत चाळीस जमले. ते मीटरवर तपासून त्यांतले एकमेकांशी जुळणारे आठ त्याने निवडले. अशा कामात आठ जण सारखं ओझं उचलणारे लागतात, एक जरी कच्चा निघाला तर बाकीचे सातही त्याच्यामागून जातात. वरच्या अंगाला त्याने शाईने एक ते आठ आकडे घातले. खालच्या अंगाला, दोन पायांच्या मधे, प्रत्येकाचं मीटरवरचं माप सुईने कोरलं. शाई पुसली जाते, कोरलेलं जात नाही. ही त्याची कारखान्यापासूनची सवय. तिचा त्याने कुणापाशी उल्लेख केला नव्हता, कारण त्यात सांगण्यासारखं आहे असं त्याला वाटलंच नव्हतं.

धाकट्या भावाला बाकी सगळं त्यानेच शिकवलं होतं. धाकट्याचा धंदा कार्यक्रमांना स्पीकर-माइक भाड्याने देण्याचा. दर रविवारी तो यायचा, वहिनीच्या हातचं जेवायचा आणि दादाच्या टेबलाशी बसायचा. त्याच्या दुकानात भोकं पाडायचं चांगलं यंत्र होतं. ट्रान्झिस्टर थंड ठेवणारा अ‍ॅल्युमिनियमचा जाड पत्रा घेऊन तो म्हणाला, "दादा, भोकं पाडून नुसता कशाला आणू? आठही बसवूनच आणतो. तुझे डोळे तरी वाचतील."

थोरल्याला कोण कौतुक वाटलं. पत्रा चार दिवसांनी आला तेव्हा आठही ट्रान्झिस्टर एक ते आठ असे ओळीत घट्ट बसले होते, खाली अभ्रकाची चकती, कडेने पांढरी पेस्ट. पेस्ट लावून बसवलेलं पुन्हा खोलायचं नाही, हा थोरल्याचाच नियम. त्याने खोललं नाही.

मग तो रविवार आला. चौकातल्या हॉलला नवा अ‍ॅम्प्लिफायर हवा होता. हॉलचा मॅनेजर दुपारी ऐकायला आला. चांगला वाजला तर थोरल्यालाच काम द्यायचं ठरत होतं. थोरल्याने आधी रीतसर चाचणी घेतली. मेन लाइनमध्ये साधा बल्ब जोडला आणि चालू केलं. आत कुठे काही चिकटलेलं असेल तर बल्ब भगभगीत पेटतो. बल्ब किंचित लुकलुकला आणि मंदावला. थोरल्याने मॅनेजरकडे बघितलं, बल्ब काढला, आवाज वाढवत नेला. तीन मिनिटं त्या खोलीत असा आवाज भरला की बायको स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली. चौथ्या मिनिटाला फाटकन आवाज झाला. स्पीकर वाचवायला आपोआप तुटणारा स्विच, रिले, होता, पण त्याचे पॉइंटच चिकटले आणि स्पीकरमधून धूर निघाला. मॅनेजर खोकत खोकत चप्पल घालून गेला.

झाकण धाकट्यानेच उघडलं. थोरला खुर्चीत बसून होता. धाकटा बराच वेळ आत वाकलेला राहिला आणि मग भिंग थोरल्याच्या हातात देऊन म्हणाला, "हे बघ." सर्किटच्या दोन तांब्याच्या रेघांच्या मधे कथलाचा बारीक मणी होता. डाग देताना, म्हणजे सोल्डरिंग करताना पडलेला, दोन्ही रेघांना चिकटलेला.

"दादा, हात," एवढंच तो म्हणाला. आणि खांद्यावर थाप मारली.

थोरल्याने त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात हात समोर धरून पाहिला. बघत राहिलं तर कुणाचाही हात थोडा हलतोच. त्याचाही हलला. जळका अ‍ॅम्प्लिफायर त्याने कपाटावर टाकला. मीटर, डाग द्यायची कांडी, भिंग धाकट्याला देऊन टाकलं. हॉलचं कामही धाकट्याला मिळालं, आणि थोरल्याला त्याचा आनंद झाला. निदान घरात राहिलं, असं तो बायकोला म्हणाला.

आज सकाळी दहा वाजता तोच मॅनेजर रिक्षातून अ‍ॅम्प्लिफायर घेऊन दारात उभा. धाकटा परगावी गेलेला, फोन उचलत नव्हता, संध्याकाळी सातला कार्यक्रम, आणि हा डबा नुसता गुरगुरत होता.

"मी सोडलंय ते काम," थोरला म्हणाला.

"अहो, तुमच्याच भावाने बनवलाय. नुसतं झाकण उघडून बघा. नाहीच जमलं तर मी जातो माझ्या वाटेने." आणि डबा टेबलावर ठेवून तो खरंच गेला.

थोरला तासभर त्या डब्याकडे बघायचं टाळत राहिला. मग पेचकस घेतला. बायको दारात येऊन उभी राहिली.

आतली मांडणी हुबेहूब त्याची होती. त्यात वावगं काही नव्हतं, शिकवलेलीच होती. जुन्या रेडिओच्या डब्यात पडलेला एक लहान मीटर निघाला, तो लावून पाहिलं. एक छोटा रेझिस्टर काळा पडला होता, दोन रुपयांचा जीव. पण त्याने मोठ्या ट्रान्झिस्टरांपैकी कुणाला दगा दिला नाही ना, हे बघायला एक ट्रान्झिस्टर तरी काढायला हवा होता. त्याने दोन स्क्रू सैल केले, ट्रान्झिस्टर उचलला आणि उलटा करून अंगठ्याने पेस्ट पुसली.

वरची शाई पुसलेली होती, पण दोन पायांच्या मधे शहाऐंशी कोरलेलं होतं. आठाच्या पोटाला त्याची नेहमीची आडवी शेपटी.

त्याने दुसरा काढला. चौऱ्याऐंशी. तिसरा, चौथा. आठही काढून वर्तमानपत्रावर ओळीने पालथे मांडले. मग स्टूल ओढून कपाटावरचा आपला डबा खाली घेतला. बायको म्हणाली, "अहो, मी धरते," पण तोवर तो उतरलाही होता. त्यातले जळके आठ त्याने काढले. वर शाईने एक ते आठ होते, अक्षर त्याच्यासारखंच वळवलेलं. खाली पोटं कोरी. पक्कडीने एकाची टोपी कापली तर आत नखाच्या कोपऱ्याएवढा तुकडा. बाजारात मिळणारा नकली माल. थोडं ओझं उचलतो, जास्त दिलं की मरतो.

आणि तो मणी? थोरला खुर्चीत मागे टेकला. तो मणी आधीपासून असता तर त्या दिवशी बल्ब भगभगीत पेटला असता. पेटला नव्हता. त्याने स्वतः पाहिलं होतं, मॅनेजरनेही पाहिलं होतं. म्हणजे मणी नंतर पडला, झाकण उघडल्यावर, धाकटा आत वाकलेला असताना. ज्याला थोडंफार कळतं अशा कुणीही हे दोन मिनिटांत ओळखलं असतं. थोरला एकतीस वर्षं हेच करत आला होता, आणि आठ महिन्यांत त्याच्या डोक्यात हे एकदाही आलं नाही. कारण सांगणारा धाकटा होता. त्याला स्वतःचा इतका राग आला की काही वेळ भावाचा राग यायला जागाच उरली नाही.

धाकटा तीन वाजता धावतपळत आला. मॅनेजरचा निरोप मिळाला असावा.

"दादा, तू कशाला त्रास घेतलास? मी येतच होतो." मग त्याची नजर वर्तमानपत्रावर गेली. दोन ओळी होत्या. एक कोरलेली, एक कोरी. तो बसला.

"हे खाली लिहितोस, मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"एवढंच म्हणायचंय तुला?"

धाकटा म्हणाला, "हॉलचं काम मला हवं होतं, दादा. तुझा छंद होता. माझं पोट होतं त्यावर."

"मागितले असतेस तर आठही दिले असते. कामसुद्धा सोडलं असतं."

"माहीतय. पण मग सगळे म्हणाले असते, दादाने दिलं. जन्मभर तेच ऐकतोय मी."

हे खरं असेल, असं थोरल्याला वाटलं, आणि त्याने काही बरं वाटलं नाही. "ट्रान्झिस्टर नेलेस, नेलेस. पण मणी कशाला टाकलास? माल खराब निघाला म्हणाला असतास, तरी मी मानलं असतं."

"माल खराब म्हटलं असतं तर तू एकेक खोलून बघितलं असतंस."

थोरल्याने मान हलवली. बघितलं असतं, हे बरोबर होतं. म्हणून त्याचे हातच काढून घ्यावे लागले.

दारातून बायको बोलली. "भावजी, मला काय सांगितलं होतंत तुम्ही? या वयात हात असे जातात म्हणालात. त्यांना जाणवू देऊ नका, सांभाळून घ्या म्हणालात. मी त्यांना सुई धरू दिली नाही हो आठ महिने." तिचा आवाज चढला नव्हता. धाकट्याने तिच्याकडे पाहिलंच नाही.

"दादा, सातला कार्यक्रम आहे," तो शेवटी पुटपुटला. "लोक येतील."

थोरल्याला ट्रान्झिस्टर खिशात घालून उठावंसं वाटलं. फार वाटलं. पण हॉलमधल्या लोकांनी त्याचं काही घेतलं नव्हतं. "माझी कांडी कुठाय?"

"गाडीत."

"आण. भिंगही आण. आणि मीटर."

मग तो कामाला बसला, आणि धाकट्याला बॅटरी धरायला लावली. जळका रेझिस्टर काढला, नवा लावला, डाग असा दिला की चकाकता थेंब जागच्या जागी बसला. आठही ट्रान्झिस्टर पुसून, नवी पेस्ट लावून, एकेक स्क्रू सारखा आवळत परत बसवले. आठवा बसवताना बॅटरीचा उजेड हलायला लागला.

"नीट धर," थोरला म्हणाला. "तुझा हात हलतोय."

धाकट्याने दुसरा हात लावला. बल्ब जोडून चालू केलं. बल्ब लुकलुकला आणि मंदावला, गुरगुर नव्हती. थोरल्याने झाकण लावलं.

"घेऊन जा."

"दादा, रविवारी येतो. बोलू आपण."

"कांडी, भिंग, मीटर इथेच ठेव. रविवारी येऊ नकोस."

"पुढच्या?"

थोरल्याने डबा उचलून त्याच्या हातात दिला. धाकटा डबा छातीशी धरून जिना उतरला, खाली गाडीचं दार लागलं. बायकोने खिडकी लावून घेतली आणि चहा टाकला. कप समोर आणून ठेवला, सवयीने पाऊण.

"पूर्ण भर," थोरला म्हणाला.

ती भांडं घेऊन आली आणि काठोकाठ ओतलं. थोरल्याने कान धरून कप उचलला. दुपारभर सुतासारखे सरळ चाललेले त्याचे हात आता कापायला लागले, आधी कप, मग मनगट, मग कोपरापर्यंत. चहा बशीत, बशीतून टेबलावर, पालथ्या पडलेल्या आठ कोऱ्या ट्रान्झिस्टरांवर सांडला. त्याने कप खाली ठेवला नाही. बायकोने फडकं हातात घेतलं, पण पुसायला पुढे झाली नाही.